रक्त परत पाठवणाऱ्या काकू

उंद्रीच्या काकूंनी जितक्या लोकांना रक्त द्यायला लावलं असेल, जवळजवळ तितक्यांनाच रक्तदानाच्या पलंगावरून उठवूनही लावलं असेल. शिबिर त्याच भरवायच्या. घरोघर फिरून माणसंही त्याच गोळा करायच्या. आणि त्या दिवशी मंडपाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसायच्या नि येणाऱ्याला असे काही प्रश्न विचारायच्या, की बरीचशी माणसं तिथूनच माघारी वळायची. रक्तपेढीचे डॉक्टर आत तपासणी करायचेच. पण काकूंचं म्हणणं असं, की डॉक्टरापुढे माणूस खोटं बोलू शकतो, गावातल्या बाईपुढे त्याला जमत नाही. कोणी जत्रेत हातावर गोंदवून घेतलं, कोणाचा ताप कालच उतरला, कोण रात्रीच्या वरातीत पिऊन नाचला, हे त्यांना आधीच ठाऊक असायचं. "हौस असन तर ज्वारी दे," त्या म्हणायच्या. "रक्ताले हौस नाही चालत."

एका शिबिरात त्यांचे धाकटे दीर नाना आले. नाना पंचायतीच्या राजकारणात होते. शिबिराच्या फ्लेक्सवर त्यांचा फोटो होता, मंडपाचं सामानही त्यांनीच लावून दिलं होतं. सोबत चार पोरं आणि एक फोटोग्राफर. बाही वर सारून ते पलंगावर आडवे झाले तेव्हा काकू खुर्चीवरून उठून आत गेल्या.

"भाऊजी, उठा."

"काऊन?"

"तुमाले कावीळ झाली होती."

"त्याले किती वर्षं झाले, वहिनी. तपासून घेतीनच ना हे लोक."

"तपासतीन. पन मले माहीत असून मी कसं घेऊ देऊ? उठा."

फोटोग्राफरनं कॅमेरा खाली घेतला. नाना उठले, बाही खाली करून बटण लावलं आणि कोणाकडे न पाहता निघून गेले. पुढं बरेच दिवस त्यांनी भावाच्या घराची पायरी चढली नाही. काकूंना त्याचं वाईट वाटायचं. सणासुदीला त्या नानांच्या घरी ताट पाठवायच्या आणि ते तसंच झाकलेलं परत यायचं. "माणूस वाईट नाही," त्या आम्हाला सांगायच्या. "पन ते रक्त कोन्या लेकराच्या अंगात जाईन, ते लेकरू तर नाही म्हनू शकत नाही ना."

त्या लेकरांपैकी मी एक, वैशू. मला थॅलेसेमिया मेजर आहे. म्हणजे माझ्या अंगात तयार होणारं रक्त टिकत नाही, म्हणून दर पंधरा-वीस दिवसांनी दुसऱ्याचं भरावं लागतं. आईबापांत काही दिसत नाही. दोघेही नुसते वाहक, म्हणजे थॅलेसेमिया मायनर असतात, धडधाकट असतात, आणि त्यांच्या पोटी एखादं माझ्यासारखं जन्माला येतं. माझे वडील मोताळ्याला शाळेत मास्तर. आम्ही सकाळच्या एसटीनं राजूर घाट चढून बुलढाण्याला यायचो. दवाखान्यातल्या लहान मुलांच्या वॉर्डाशेजारी एक लांबट खोली होती, तिथं आमचे पलंग. थॅलेसेमियाची मुलं, दोन-चार सिकलसेलची, आणि प्रत्येकाच्या उशाशी त्याची आई. सगळ्या आया एकाच पद्धतीनं बसायच्या, डोळे पिशवीतून पडणाऱ्या थेंबांवर लावून.

काकू तशा बसायच्या नाहीत. त्या आल्या की खोलीभर आवाज व्हायचा. घरी ओलिताची भरपूर शेती, दाराशी जीप, काका गावचे वजनदार पाटील. अंगावर इस्तरीची सुती साडी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांचा मुलगा सुशांत माझ्याच वयाचा, माझाच रक्तगट. त्याला सुई टोचून झाली की काकू आपल्या पलंगावरून उठायच्या आणि बाकीच्या पलंगांवर फेरी मारायच्या. कोणाला थंडी वाजते का, कोणाच्या अंगावर गांधी उठल्या का, कोणाची कंबर दुखते का. असं काही दिसलं की त्या स्वतः काही करायच्या नाहीत, पिशवीला हात लावायच्या नाहीत. दारात उभं राहून "सिस्टर" अशी हाक मारायच्या, आणि ती हाक पार ओपीडीपर्यंत जायची. हे असं करायला त्यांना सिस्टरनंच शिकवलं होतं. सुरुवातीला आम्हा सगळ्यांच्याच आयांना सिस्टरनं सांगितलं होतं, की काही वेगळं वाटलं तर लाजू नका, मला बोलवा. पण बाकीच्या लाजायच्या.

भेटायला येणाऱ्या लोकांवर मात्र काकूंचा राग असायचा. रक्त कमी आहे म्हटलं की नातेवाईक खजूर, गूळ-शेंगदाणे, बीट, डाळिंब असं काय काय घेऊन येतात. आमच्या आजाराचं उलटं असतं. भरलेल्या प्रत्येक पिशवीतून अंगात लोह येतं, ते आपोआप बाहेर पडत नाही आणि हळूहळू हृदयात, यकृतात साठत जातं. ते काढण्यासाठी रोज गोळी घ्यावी लागते. एकदा माझी मावशी मोठ्या प्रेमानं खजुराचा डबा घेऊन आली. काकूंनी तिला शेजारी बसवून घेतलं, डबा उघडला, आणि एक-एक खजूर तिच्याच हातावर ठेवत गेल्या. "आमच्या लेकराइले लोखंड जास्त झालं, बाई. तुलेच कमी दिसते. खा." मावशीनं मुकाट्यानं तीन-चार खाल्ले. पुढच्या वेळी ती मुरमुऱ्याचा चिवडा घेऊन आली.

काकू पहिल्यापासून अशा नव्हत्या, हे मला माझ्या आईकडून कळलं. सुशांत लहान असताना एका उन्हाळ्यात बुलढाण्याला त्याच्या गटाचं रक्त मिळेना. पोरगं पांढरंफटक पडलं होतं, जिना चढताना धापा टाकत होतं. कोणीतरी दुसऱ्या गावचा एक खाजगी दवाखाना सुचवला. तिथं तासाभरात पिशवी लागली. कुठून आली, काय तपासून आली, हे घाईत कोणी विचारलं नाही. काही महिन्यांनी आमच्या डॉक्टर मॅडमनी नेहमीची तपासणी केली तेव्हा सुशांतच्या रक्तात काविळीचा एक विषाणू निघाला, यकृत पोखरणारा. तो त्याच पिशवीतून आला असं सिद्ध करता येत नव्हतं, पण दुसरीकडून यायलाही काही कारण नव्हतं. पुढं त्यावर चांगल्या गोळ्या आल्या आणि सुशांत त्यातून पूर्ण बरा झाला. पण तोपर्यंत मधली काही वर्षं काकूंनी भीतीत काढली. त्या कोणाला शिव्या देत नसत. एवढंच म्हणायच्या, "मी विचारलं नाही. घाई होती म्हनून मी विचारलं नाही." त्यानंतर त्यांनी गावात शिबिरं सुरू केली, आणि मंडपाच्या तोंडाशी खुर्ची टाकली.

एवढं करून स्वतः त्यांना कधी रक्त देता आलं नाही. वाहक माणसांचं हिमोग्लोबिन बहुधा थोडं कमीच असतं. दर शिबिरात त्या सगळ्यांच्या शेवटी बोट पुढं करायच्या, डॉक्टर बोटाला टोचून थेंब काचेच्या नळीतल्या निळ्या पाण्यात सोडायचा, आणि पुरेसं हिमोग्लोबिन असलेला थेंब बुडतो, तसा न बुडता तो वर तरंगत राहायचा. "नाही चालत, काकू." "मले माहीत आहे," त्या म्हणायच्या आणि कापूस बोटाला दाबून धरत उठायच्या. माहीत असून दरवेळी का टोचून घेता, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "लोकाइले वाटू नये, की ही बाई दुसऱ्याचंच मागते."

सुशांतला एक मोठी बहीण होती, पल्लवी. दिसायला देखणी, बी.एस्सी. झालेली, आणि तीही वाहक. जळगाव जामोदकडचं एक स्थळ तिला आलं. मुलगा शिकलेला, घरचं चांगलं, पसंती झालेली. सुपारी फोडायची बैठक उंद्रीला काकूंच्या ओसरीवर भरली. माझ्या वडिलांना काकांनी मुद्दाम बोलावलं होतं, म्हणून हे मी त्यांच्या तोंडून ऐकलं. देण्याघेण्याचं, तारखेचं बोलणं संपलं. चहा आला. काका उठणार, तेवढ्यात काकू आतून बाहेर आल्या आणि मुलाच्या वडिलांना म्हणाल्या, "एक राह्यलं. मुलाची रक्ताची तपासनी करून घ्या."

मुलाचे वडील हसले. "काऊन? आमचा पोरगा काय आजारी दिसते का तुमाले?"

"आजारी तर आमी दोघंबी नव्हतो," काकू म्हणाल्या. "माही पल्लवी मायनर आहे. मुलगा मायनर नसन तर काही चिंता नाही, आजच सुपारी फोडा. असन तर माह्या सुशांतसारखं लेकरू होऊ शकते. ते आधी पाहून घ्या."

काका मान खाली घालून बसले. त्यांनी काकूंना आदल्या दिवशी सांगितलं होतं, की लग्न होऊ दे, मग हळूच जावयाच्या कानावर घालू. मुलाकडच्यांनी तपासणी केली नाही. विचार करून कळवतो म्हणाले आणि आठ दिवसांनी मध्यस्थाकरवी नकार आला. नकारासोबत बोलणंही आलं, की पाटलाच्या पोरीच्या रक्तात दोष आहे. ते बोलणं चिखलीपासून मेहकरपर्यंत फिरलं. त्यानंतर दीड-दोन वर्षं त्या घरात स्थळ आलं नाही.

पल्लवी आईशी बोलेनाशी झाली. त्या दिवसांत एकदा ती सुशांतसोबत वॉर्डात आली होती. काकू कोणाच्या तरी उशाशी उभ्या राहून एका नव्या आईला गोळी पाण्यात कशी विरघळवायची ते समजावून देत होत्या. पल्लवी माझ्या पलंगापाशी बसून ते पाहत होती. काकू परत आल्यावर ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आई, तू आधी माझी आई आहे, का या वॉर्डाची?"

काकू तिच्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "तुही माय आहे म्हनूनच बोलली. तुले असं इथं लेकराच्या उशाशी बसलेलं मले नाही पाहाचं."

पल्लवीचं लग्न पुढं झालं. देऊळगाव राजाकडचा एक मुलगा, कृषी खात्यात नोकरीला. त्यानं निरोप मिळाल्याबरोबर तपासणी करून घेतली आणि मगच तो मुलगी पाहायला आला. काकूंनी लग्नात नानांच्या घरी स्वतः जाऊन बोलावणं केलं. नाना आले नाहीत, त्यांची बायको आली.

सुशांत आणि मी एकत्रच मोठे झालो. आमच्या बाऱ्या बहुतेक एकाच आठवड्यात यायच्या. पलंगावर पडल्या-पडल्या आम्ही मोबाइलवर क्रिकेट पाहायचो, कोणाची पिशवी आधी संपते यावर पैज लावायचो. बारावीनंतर त्याला अकोल्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. काकूंना ते नको होतं. पण सुशांतनं हट्ट धरला आणि डॉक्टर मॅडमही म्हणाल्या, की जाऊ द्या, त्यालाही आयुष्य आहे. रक्त भरायला तो अजून बुलढाण्यालाच यायचा. मधल्या दिवसांत होस्टेलवर राहायचा. काकू रोज सकाळी फोन करायच्या. "गोळी घेतली का बे?" "हाव, घेतली." एवढंच बोलणं.

गोळी तो घेत नव्हता. कधीपासून, ते कोणालाच कळलं नाही. त्या गोळीनं पोट बिघडतं, उपाशीपोटी प्यावी लागते, वर्गात मळमळतं. खोलीतल्या मुलांना त्यानं आपला आजार सांगितला नव्हता, आणि रोज सकाळी ग्लासात काय ढवळतोस हे त्यांनी विचारू नये असं त्याला वाटत असावं. रक्त वेळेवर भरलं जात होतं म्हणून चेहरा चांगला दिसायचा. लोह मोजायची तपासणी आली की परीक्षा आहे, पुढच्या वेळी करतो, असं सांगून तो टाळायचा. मॅडम रागवायच्या, तो हसायचा. एका एप्रिलमध्ये, दुपारी, कॉलेजच्या आवारात त्याला धाप लागली. छातीत धडधडतंय म्हणाला. मुलांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. काका-काकू उंद्रीहून निघाले, ते खामगावजवळ असताना फोन आला. त्याच्या हृदयात लोह साठलं होतं. डॉक्टरांनी शर्थ केली, पण ठोके ताळ्यावर आले नाहीत. नंतर खोली आवरताना गोळ्यांच्या न उघडलेल्या पट्ट्या त्याच्या बॅगेत सापडल्या.

माझे वडील उंद्रीला गेले. मला नेलं नाही, कारण मला चालवतच नव्हतं. त्या उन्हाळ्यातही रक्ताचा तुटवडा होता, कॉलेजांत परीक्षा, लग्नसराई, शिबिरं नाहीत. माझी बारी उलटून गेली होती आणि रक्तपेढी आज-उद्या करत होती. वडिलांनी येऊन सांगितलं, की तिरडीला पहिला खांदा नानांनी दिला. काकू रडत नव्हत्या. भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला पाणी देण्यासाठी पल्लवीला हाक मारत होत्या.

राख सावडली त्या दिवशी दुपारी वडिलांचा फोन वाजला. काकूंचा होता. वडिलांनी फोन कानाला लावला आणि उठून उभे राहिले.

"गुरुजी, सुशांतची बारी या हप्त्यात होती," काकू म्हणाल्या. फोनचा आवाज मोठा असायचा, आम्हाला सगळं ऐकू येत होतं. "त्याच्यासाठी पिशवी ठेवेल आहे पेढीत. वैशूचा गट तोच आहे. मी फोन केला होता तिथं. वैशूशी जुळवून पाहा लागन म्हने, जुळली तर देऊ. सकाळीच घेऊन जा तिले."

वडिलांनी फोन आईच्या हातात दिला. आई रडायलाच लागली. "ताई, नका हो. ती त्याच्या नावाची पिशवी होती. आम्ही कशी घ्यायची?"

"त्याच्या नावाची होती, त्याची नव्हती," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त सावकाश. "कोन्यातरी पोरानं देल्ली आहे, ज्याले लागन त्याच्यासाठी. वैशूले लागून राह्यली. चार दिवस तशीच राह्यली तर दुसरीकडं जाईन, आनि तुमी पुन्हा फिरसान दारोदार. वाट पाहू नका."

दुसऱ्या दिवशी आम्ही बुलढाण्याला गेलो. रक्त जुळलं. सिस्टरनं पिशवी आणली, माझं नाव, गट, क्रमांक दुसऱ्या सिस्टरसोबत वाचून ताडून पाहिला. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं. शेजारचा पलंग रिकामा होता. थंड रक्त हातातून वर चढताना नेहमी जसं वाटतं तसंच त्या दिवशी वाटलं, कोपरापर्यंत गार. मी पिशवीकडे पाहिलं नाही. आई शेवटच्या थेंबापर्यंत तिच्याकडेच पाहत बसली. परतीच्या एसटीत घाट उतरताना मला भूक लागली. कितीतरी दिवसांनी लागली होती. मला त्याची लाज वाटली, आणि मोताळ्याला उतरल्यावर मी दोन भाकरी खाल्ल्या.

तेरावं झाल्यावर मी वडिलांसोबत उंद्रीला गेले. काय बोलायचं याचा एसटीत मी खूप विचार केला होता. ओसरीवर माणसं बसलेली होती, नाना त्यांना चहा देत होते. काकू आत, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. कपाळावरचं कुंकू तेवढंच मोठं, पण गाल आत गेले होते. मी समोर जाऊन बसले.

काकूंनी सूप बाजूला सारलं. हात पदराला पुसले. मग माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि अंगठ्यानं माझ्या डोळ्याची खालची पापणी हळूच खाली ओढली, दवाखान्यात डॉक्टर मॅडम ओढतात तशी. आधी एका डोळ्याची, मग दुसऱ्याची. आतली लाली त्यांनी बराच वेळ पाहिली.

"चांगलं चढलं," त्या म्हणाल्या. "जेवून जा."